मंगळीच्या वकिलीला वाणगावात

माणूस गाव सोडून जातं ते देवाला, लग्नाला, नाहीतर दवाखान्याला. मी पालघर जिल्ह्यात गेले ती एका कुत्रीची बाजू मांडायला. सिन्नरमध्ये हे खरं कारण कुणाला सांगण्यात अर्थ नव्हता. "बहिणीकडे जाऊन येते, जमलं तर समुद्रही बघीन," असं सांगून मी दुकानाला कुलूप लावलं. समुद्र मी शेवटपर्यंत बघितला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाट बघायला नको.

माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. धाकटी बहीण हिरा मात्र माहेरचा धंदा सासरी घेऊन गेली, म्हणजे मेंढरं. दिवाळी झाली की हिरा, तिचा नवरा सोपानदाजी, मेंढ्या, सामानाची घोडी आणि घोडीच्या पाठीवर बांधलेल्या कोंबड्या असा सगळा संसार घाट उतरतो आणि पार पालघरच्या बाजूला जातो. तिकडे भात कापून शेतं मोकळी झालेली असतात. शेतवाले बोलावून मेंढ्या बसवून घेतात, म्हणजे मेंढ्यांनी रात्री त्यांच्या शेतात बसायचं, शेताला आयतं खत मिळतं आणि मेंढक्याला भात मिळतो. जेठात पाऊस यायच्या आत पुन्हा वर यायचं, कारण त्या पावसात मेंढीचे खूर सडतात.

माघात हिराचा फोन आला. "आक्का, मोतीला नेलं."

मोती त्यांचा कुत्रा. बिबट्याने नेला. गळ्यातला खिळ्यांचा पट्टा तेवढा ओढ्यात सापडला.

"आता मंगळी एकटीच राहिली. मी म्हणते तिला रात्री आत घेऊ, तर हे ऐकत नाहीत. तू ये. तुझं ऐकतील."

आमच्या गल्लीतली निम्मी भांडणं माझ्या शिलाई मशीनसमोर मिटतात, त्यामुळे मला स्वतःच्या जिभेवर जरा जास्तच भरवसा आहे. शिवाय हिराने या कुत्रीला पिल्लू असताना मेंढीच्या दुधावर वाढवलं होतं. मंगळवारी मिळाली म्हणून मंगळी. फोनवर हिराचा आवाज ऐकला आणि मी पिशवी भरायला घेतली.

बोईसर

बहिणीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बाजरीच्या पिठाचं पोतं घेतलं होतं. तिकडे सगळा भाताचा मुलूख, हिरा बाजरीला आसुसलेली असणार. बोईसरला उतरून रिक्षात चढताना पोतं कुठल्याशा खिळ्याला अडकलं आणि टर्रकन फाटलं. नेमकी तेव्हाच कंपनीची शिफ्ट सुटली होती. निळ्या कपड्यांतली माणसं बसमधून उतरत होती, आणि वाऱ्याने माझं अर्धं पीठ उचलून त्यांच्या अंगावर टाकलं. मी माफी मागायला लागले तर एकजण खांदे झटकत म्हणाला, "कोई बात नहीं अम्मा, कंपनी में इससे ज़्यादा उड़ता है."

रिक्षावाला बिहारचा. त्याने सीटखालून सुतळी काढून पोतं बांधून दिलं आणि वर मला एका टपरीवर नेऊन बसवलं. तिथे लिट्टी मिळाली. कणकेचा निखाऱ्यावर भाजलेला गोळा, आत सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, सोबत वांग्याचं भरीत. आमच्या बट्टीची सख्खी बहीणच, फक्त बिहारला दिलेली. खाता खाता मी त्याला माझं काम सांगितलं. घरच्यांना सांगितलं नाही ते परक्याला सांगितलं, प्रवासात असं होतं. त्याला हसू आलं नाही. म्हणाला, "हमारे यहाँ नीलगाय है. पूरा खेत खा जाती है. सबका अपना-अपना दुश्मन है, अम्मा."

ते मला पटलं. आमचा सिन्नरचा दुश्मन लांडगा. आमच्या माळावर झाड शोधायला निघालात तर दमाल. तिथे लांडगा दुरून दिसतो, निदान कुत्र्याला तरी दिसतो. म्हणून मेंढरं जाळीच्या कुंपणात आणि कुत्री जाळीबाहेर, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. लांडगा नरडं धरायला आला की त्याचंच तोंड फाटतं. मंगळीने असे दोन-तीन पाहुणे परत पाठवलेले आहेत. एका पाहुण्याने जाताना तिचा डावा कान नेला.

वाणगावच्या पूर्वेला

वाणगाव स्टेशन मागे टाकून रिक्षा डोंगराच्या बाजूला वळली आणि मी बघतच राहिले. किती ती झाडं! ताड, आंबा, चिंच, आणि ओढ्याकाठी करवंदीच्या अशा जाळ्या की आत बैल उभा केला तरी दिसू नये. डोक्यावरून तारापूरकडच्या विजेच्या तारा चाललेल्या. आंबा मोहरलेला होता. कापलेल्या भाताची खुंटं, बांधावर वालाचे वेल, आणि त्यात एका मोठ्या आंब्याखाली आमच्या मेंढ्यांचा तळ.

हिरा धावत आली. मंगळी आधी आली. मला हुंगून तिने पोतं हुंगलं, आणि पोत्याशेजारीच बसली. माझ्या अशिलाने मला ओळखलं नाही, पण बाजरी ओळखली.

दाजींनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं, घरची चौकशी केली. मग म्हणाले, "आक्का, तुम्ही कशाला आलाय ते मला ठाऊक हाये. आधी जेवून घ्या. भांडण भरल्या पोटी बरं वाटतं."

जेवण झालं आणि मी सुरू केलं. मुकं जनावर, पोरीसारखं वाढवलेलं, मोती गेला तो धडा पुरे नाही का, वगैरे. गल्लीत एवढ्यात माणसं रडायला लागतात. दाजी सुपारी कातरत ऐकत राहिले.

"झालं?" ते म्हणाले. "आता माझं ऐका. कुत्रं एकदा का जाळीच्या आत झोपलं, की ते मेंढरू झालं. त्याला उबेची सवय लागती. मग जेठात आपण घरी जाणार. तिथं लांडगा काय म्हणंल? कोकणात होती बिचारी, सोडून देऊ? इथं चार म्हैने जगवायचं आन तिथं कायमचं बिघडवायचं? मंगळी बाहेर न्हाई बसली तर माझी मेंढरं कोण राखणार, तुम्ही?"

वाईट वाटलं ते हे, की माणूस दगड असता तर भांडता आलं असतं. पण बोलता बोलता त्यांचा हात मंगळीच्या तुटक्या कानामागे खाजवत होता.

दुपारी शेजारच्या पाड्यावरची लाडकीबाय आली. वारली बाई, साठीपुढची, चार शेळ्या राखते आणि सगळ्या जगाला अरेतुरे करते. पाहुणी आली म्हणून मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा घेऊन आली होती. मडक्यात घातलेल्या भांबुर्डीच्या पाल्याचा वास, वर मीठ-ओवा. आमच्याकडे हुरड्याला जे प्रेम मिळतं ते इकडे या शेंगांना मिळतं. मी मूठभर म्हणता म्हणता टोपलीचा तळ गाठला.

"तूच का ती बहीण?" लाडकीबाय म्हणाली. "सांग याला. आमी शेळी घरात घेतो, कोंबडी घरात घेतो, कुत्रा तर पयला घरात घेतो. वाघाला कुत्रा लय आवडतो. आन हा तुझा दाजी कुत्रा बाहेर ठेवतो, ताट वाढून!"

"मग राखण कोण करतं?" दाजींनी विचारलं.

"तुमच्यात कुत्रा माणसाला राखतो. आमच्यात माणूस कुत्र्याला राखतो."

"आमच्या लांडग्याची गोष्टच येगळी हाये, मावशे."

"लांडगा कुत्र्यासारकाच ना? काठी मारली की पळंल."

दाजी खो-खो हसले. म्हणाले, "एक पळतो, तोवर दुसरा मागून घेऊन जातो. पाच-सहा मिळून येतात."

लाडकीबायचा शेंग सोलणारा हात थांबला. "मिळून येतात? नको बाबा. आमचा वाघ बरा, एकटा येतो."

बिबट्याला ती वाघच म्हणते, आणि तेही आवाज खाली करून. मग तिने विचारलं, लांडगा तुमचा देव हाय का? दाजी म्हणाले, "देव कसला? सोयरा हाये. सांगून येत न्हाई आन घेतल्याबिगर जात न्हाई." आमचे वडील मात्र कोकरू गेलं की शिवी द्यायचे नाहीत. 'त्याचा वाटा त्यानं नेला' म्हणायचे, आणि त्या दिवशी मुकाट्याने जेवायचे. ते मी सांगितलं, तेव्हा लाडकीबायने मान डोलावली. तिला त्यात नवल वाटलं नाही.

जाताना ती दाजींना म्हणाली, "वाघोबाला सांगितलंस का, आलो हाय म्हणून?"

दाजींनी नाही म्हणताच तिने कपाळावर हात मारून घेतला. एवढे दिवस रानात राहतो आणि रानाच्या मालकाला सांगत नाही! आमच्याकडे पोलीसपाटलाला कळवतात, इकडे वाघोबाला.

वाघोबापाशी

सकाळी आम्ही चौघं निघालो. नारळ घेतला होता. मंगळी मागे यायला लागली तर लाडकीबायने तिला खडा मारून परत पाठवलं. "त्याच्या दारात त्याचा जेवण घेऊन नको जाऊ."

पायवाटेने चढून गेल्यावर एका झाडाखाली वाघोबा. लाकडाची उभी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळं शेंदराने माखलेलं. ना कळस, ना घंटा, ना दानपेटी. वाघाचा चेहरा म्हणाल तर भीती वाटावी असा मुळीच नव्हता, उलट आताच जेवून उठल्यासारखा समाधानी होता. मला मोती आठवला आणि मी नजर दुसरीकडे वळवली.

दाजींनी नारळ फोडला. टोपी काढून म्हणाले, "देवा, आम्ही सिन्नरचे. जेठापतुर हाये तुझ्या रानात. मेंढरं तुझीच म्हण. एखादं कोकरू नेलंस तरी बोलणार न्हाई. कुत्री तेवढी सोड."

हिराने पदर डोळ्याला लावला. लाडकीबाय मात्र हसली.

"देवाला काम सांगितलंस. तू काय करशील?"

"मी काय करणार? देवावर सोडलं."

"आमी देवालापन सांगतो आन कुत्रापन घरात घेतो. दोनी करायचं असतं. देवाला एकच काम हाय का?"

परत येताना नारळाचा प्रसाद वाटला, मंगळीलाही एक तुकडा मिळाला. तिने तो बांधावर नेऊन, पुढच्या दोन पायांत धरून, बेतशीर खाल्ला. बांधावरची ती तिची जागा, जाळीपासून थोडी लांब, ओढ्याकडे तोंड करून. पालथ्या घड्यावर पाणी ओतून झालं होतं. उद्या परत निघावं, असं मी मनाशी ठरवलं.

सांज

त्या संध्याकाळी हिरा भाकरी थापत होती. माझ्या पोत्यातलं वाचलेलं पीठ अखेर कारणी लागत होतं. दाजी कोकरांना आयांचं दूध पाजून पाटीखाली झाकत होते. ऊन उतरलेलं, पण उजेड होता. पाड्यावरून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता.

एकाएकी मेंढ्या उठल्या. बसलेल्या, रवंथ करणाऱ्या, सगळ्या एकदम. माळावर लांडग्याचा वास आला की मेंढ्या उघड्या बाजूकडे बघतात आणि कुत्री भुंकून माळ डोक्यावर घेतात. इथे मेंढ्या ओढ्याकडे बघत होत्या आणि भुंकणं नव्हतंच. दाजींनी हाक मारली, "मंगळे!"

मंगळी बांधावरून निघाली. पण ती धावत आली नाही. पोट जमिनीला घासत, शेपूट पायात घालून सरपटत आली. जाळीशी आली आणि तिने जाळीवरून आत उडी मारली. जन्मात पहिल्यांदा. मेंढ्यांच्या पायांतून वाट काढत ती दाजींपाशी पोचली आणि त्यांच्या धोतरात तोंड खुपसून थरथरायला लागली.

पाहुण्यांना परत पाठवणारी ती कुत्री. मला बघवेना.

पुढे काय झालं ते सलग आठवत नाही. हिराने तव्यावर उलथनं बडवलं, मी परात बडवली, पाड्यावरून माणसं आरडाओरडा करत, डबे वाजवत आली. सगळ्यांत पुढे लाडकीबाय, हातात पेटलेलं लाकूड. ओढ्यात करवंदी हलल्या, एवढं मात्र मी बघितलं. कुणी म्हणालं शेपटी दिसली, कुणी म्हणालं डोळे दिसले. मला काही दिसलं नाही. माझ्या हातातली परात मात्र पार वाकली होती.

दाजी या सगळ्या गोंधळात जागचे हलले नाहीत. जाळीच्या आत मेंढ्यांमध्ये मंगळीला मांडीवर घेऊन बसले होते. एवढं मोठं धूड, मांडीत मावतही नव्हतं.

सकाळी बांधावर धुळीत ठसे होते. मंगळीने नारळ खाल्ला होता तिथे, करवंटीच्या तुकड्याला लागून. दाजी उकिडवे बसून बघत राहिले. एका ठशावर त्यांनी आपला तळहात ठेवून पाहिला. मग उठले आणि हिराला म्हणाले, "आजपासून आत घे तिला."

हिरा माझ्याकडे बघून हसली. मीही मान ताठ केली. खटला जिंकल्याचं श्रेय वकिलाने सोडायचं नसतं, भले साक्ष अशिलानेच दिलेली असो.

पामकडे

समुद्राकडच्या पाम गावच्या वामनकाकांनी आपल्या वाडीत मेंढ्या बसवायला बोलावलं होतं, म्हणून तळ हलला आणि मीही परत जायचं लांबवून चालत निघाले. डोंगर मागे राहिला आणि बोईसरच्या रस्त्याला लागलो. तिथे आम्ही आणि शिफ्टच्या बसगाड्या समोरासमोर आलो. बस हॉर्न वाजवी, मेंढ्या बसकडे बघत उभ्या राहत. खिडक्यांतून मोबाइल बाहेर निघाले. एका मेंढीने फुलवाल्याच्या टोपलीतला झेंडूचा हार ओढला आणि तो तोंडात धरून पुढचा सबंध रस्ता नवरीसारखी चालली. फुलवाल्याची समजूत घालण्याचं काम अर्थात माझ्याकडे. तिथे माझी जीभ चालली, हे नमूद करते.

वामनकाका वाडवळ, पिढीजात बागायतदार. नारळी, चिकू, मिरची आणि अंगणात फुलझाडं असा त्यांचा नीटनेटका संसार. काकूंनी उकडहंडी केली होती. शेंगा, कंद, वांगी सगळं मडक्यात एकत्र शिजवलेलं, सोबत तांदळाची भाकरी, पांढरीशुभ्र आणि रुमालासारखी मऊ. भाकरी म्हणजे चावायची वस्तू, असं आम्ही सिन्नरकर समजतो. ही नुसती विरघळली. मी काकूंच्या हातावर बाजरीची भाकरी ठेवली. त्यांनी एक घास बराच वेळ चावला आणि प्रेमाने म्हणाल्या, "चांगली हाय. दात मजबूत होतील."

वाघाची गोष्ट ऐकून काका म्हणाले, "आमच्याकडं वाघ नाय. माकडं हायत. वाघ एक कुत्रा खातो आन जातो. माकड एक चिकू खातो आन धा फेकतो. मला वाघ द्या, माकडं न्या." मला रिक्षावाला आठवला.

संध्याकाळी वाडीत जाळी लागली. इथे ओढा नाही, डोंगर नाही, शेजारी माणसांची घरं. दाजींनी मंगळीचा पट्टा बांधला आणि जाळीबाहेर आपल्या काठीने जमिनीवर टकटक केलं. "चल मंगळे, तुझ्या जागेवर."

मंगळीने शेपूट हलवली आणि जाळीच्या आतच, मेंढ्यांना रेलून बसून राहिली.

दाजींनी पुन्हा बोलावलं. मग भाकरीचा तुकडा दाखवला. तिने मान उचलून भाकरीकडे बघितलं, दाजींकडे बघितलं, आणि हनुवटी एका मेंढीच्या पाठीवर ठेवून डोळे मिटले.

"बघा आक्का," दाजी हळूच म्हणाले. रागाने नाही. त्यांना जे होईल वाटलं होतं तेच झालं होतं. जिंकलेला खटला मला जड वाटायला लागला. दुसऱ्या दिवशी मी सिन्नरला निघाले. काकूंनी चिकूंची पिशवी दिली आणि म्हणाल्या, समुद्र इथून जवळच हाय, बघून जा. माझं लक्ष नव्हतं.

सिन्नर, जेठ

पाऊस यायच्या आत हिरा-दाजी मेंढ्या घेऊन वर आले. आमच्या माळावर तळ पडला. आल्याच आठवड्यात पलीकडच्या वस्तीवरची दोन कोकरं लांडग्यांनी नेली. ते ऐकून माझ्या हातातली कात्री थांबली. मंगळी बाहेर बसत नसेल तर दाजींच्या मेंढरांचं काय, आणि दाजी तिला काय करतील? बिघडलेलं कुत्रं मेंढके फुकट पोसत नाहीत. हे मी मेंढक्याची लेक म्हणून सांगते.

हिराला फोन लावायचा धीर होईना. शेवटी तिचाच आला.

"आक्का, मंगळी आतच झोपते गं. मेंढ्यांच्या मधोमध. काही केल्या बाहेर येत नाही."

"मग दाजी?"

हिरा हसायला लागली. हसता हसता तिला बोलता येईना. "हे बाहेर झोपतात. तिच्या जागेवर. घोंगडी, बॅटरी, काठी घेऊन. आणि तिचा खिळ्यांचा पट्टा उशाला."

मागून दाजींचा आवाज आला, "त्यात हसण्यासारखं काय हाये? कुणीतरी बाहेर पाहिजेच ना!"